छतावरचे ऊन आणि घरखर्चाचा हिशेब

हिंगोलीत उन्हाची कमतरता कधी पडली नाही. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि दुपारी गच्चीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. त्याच दिवसांत कूलर रात्रंदिवस फिरतो, फ्रिज दम घेत नाही, बोअरची मोटर दोन वेळा चालते. मग बिल येते आणि घरचा कर्ता माणूस ते वाचून घडी घालून खिशात ठेवतो. ज्या उन्हाने बिल वाढवले, त्याच उन्हाने ते कमी करता येईल का, हा प्रश्न आता आपल्या मोहल्ल्यांतही विचारला जाऊ लागला आहे.

हिंगोली शहरात, वसमत-कळमनुरीत, सेनगाव आणि औंढा नागनाथच्या खेड्यांतही छतांवर काळे-निळे पॅनेल दिसतात. त्यांच्या मागोमाग एजंटही दारात येतात. एक म्हणतो, "आयुष्यभर वीज फुकट." दुसरा म्हणतो, "आज नाव नोंदवा, उद्या अनुदान बंद." आम्ही पेशाने शिक्षक. लोक आमच्याकडे अर्ज लिहून घ्यायला, कागद वाचून घ्यायला येतात. गेल्या काही महिन्यांत अशी कोटेशने आणि बिले आमच्यासमोर बरीच आली. ती वाचताना जे ध्यानात आले, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत. सांगायचे एवढेच आहे की सौर ऊर्जा चांगली की वाईट, हे एजंट सांगू शकत नाही. ते तुमचे बिल सांगते, तुमचे छत सांगते आणि तुमच्या घरातील कागद सांगतात.

फुकट म्हणजे नेमके काय?

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' सुरू केली. एक कोटी घरांच्या छतांवर सौर पॅनेल बसवण्याचे तिचे उद्दिष्ट आहे, त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद केली आहे आणि मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. योजनेच्या नावात 'मोफत' हा शब्द असल्यामुळे पुष्कळांना वाटते की सरकार वीज फुकट देणार. तसे नाही. वीज तुमच्या छतावर तयार होते, यंत्रणा तुम्ही विकत घेता आणि सरकार त्या खर्चातील काही भाग परत देते.

तो भाग असा: १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० रुपये आणि ३ किलोवॅटला ७८,००० रुपये. त्यापुढे पाच लावा की दहा, अनुदान ७८,००० रुपयांवरच थांबते.

महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यात गरीब घरांसाठी भर घातली. 'स्मार्ट' या नावाच्या राज्य योजनेत महिन्याला १०० युनिटपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या घरांना १ किलोवॅटसाठी केंद्राच्या ३०,००० रुपयांवर राज्याचे आणखी अनुदान मिळते. दारिद्र्यरेषेखालील घरांना १७,५०० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना १५,००० आणि इतर कमी वापराच्या घरांना १०,००० रुपये. १ किलोवॅटची किंमत ५०,००० रुपये धरली तर दारिद्र्यरेषेखालील घराला पदरचे अवघे २,५०० रुपये घालावे लागतात. ही योजना मर्यादित ग्राहकांसाठी आहे, म्हणून पिवळे रेशनकार्ड असलेल्यांनी महावितरणच्या कार्यालयात जाऊन चौकशी करण्यात उशीर करू नये.

एक अट नीट समजून घ्यावी. अनुदान हवे असेल तर पॅनेल आणि त्यातील सेल दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात. बाजारात त्याहून स्वस्त पॅनेल मिळतात, पण त्यांच्यावर अनुदान नाही. "स्वस्तात बसवून देतो, सबसिडीचे नंतर बघू" असे कोणी म्हणाले, तर तेथेच थांबावे.

आधी बिल वाचा

आठवीच्या मुलांना शेकडेवारी शिकवताना आम्ही त्यांना घरची वीजबिले आणायला सांगितली होती. बहुतेक मुलांना, आणि खरे सांगायचे तर त्यांच्या पालकांनाही, बिलातील फक्त शेवटचा आकडा माहीत होता. सौर पॅनेलचा विचार करायचा असेल तर त्याच्या वरच्या ओळी वाचाव्या लागतात.

महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटला वहन आकार धरून ५ रुपये ८८ पैसे, १०१ ते ३०० युनिटला ११ रुपये ४६ पैसे आणि ३०१ ते ५०० युनिटला १५ रुपये ७२ पैसे असा दर होता. वर दरमहा सुमारे १३० रुपये स्थिर आकार आणि १६ टक्के वीज शुल्क. त्यानंतर दरांत फेरफार झाले आहेत, म्हणून खालचा हिशेब करताना आपल्या ताज्या बिलातील दर घ्यावेत. पण टप्प्यांची रचना ध्यानात ठेवावी. एकशे एकावे युनिट शंभराव्या युनिटच्या जवळजवळ दुप्पट महाग पडते.

आता सौर यंत्रणेची बाजू. आपल्या भागात १ किलोवॅटची यंत्रणा वर्षाची सरासरी धरली तर महिन्याला साधारण ११० युनिट वीज देते. मार्च-एप्रिलमध्ये जास्त, जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत बरीच कमी. ऊन जितके कडक तितकी वीज जास्त, असेही सरळ गणित नाही. पॅनेल फार तापले की त्याची क्षमता थोडी घटते, म्हणून मे महिन्याच्या भर दुपारी ते कोटेशनवर लिहिलेला आकडा गाठत नाही.

दिवसा तयार झालेली आणि घरात न वापरलेली वीज महावितरणच्या तारेत जाते. रात्री तुम्ही तारेतून वीज घेता. नेट मीटर दोन्हींची नोंद ठेवतो आणि बिल फक्त फरकाचे येते. महिनाअखेर शिल्लक राहिलेली युनिट पुढच्या महिन्यात धरली जातात, पण ३१ मार्चला खाते बंद होते. तोवर न वापरलेल्या युनिटचा मोबदला तुम्ही विजेला मोजता त्या दराच्या मानाने फार कमी मिळतो. म्हणून गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवणे म्हणजे चार माणसांच्या घरात दहा माणसांची हंडी चढवण्यासारखे आहे.

तीन घरांचा हिशेब

पहिले घर घेऊ या शिलाईकाम करणाऱ्या एका आपाचे. दोन खोल्या, दोन पंखे, छोटा फ्रिज, शिलाई मशीन. महिन्याला ८५ युनिट. वरच्या दराने बिल साधारण ७३० रुपये. १ किलोवॅट बसवले तर युनिटचा खर्च संपतो, स्थिर आकार व त्यावरील शुल्क मिळून १५० रुपये उरतात. म्हणजे बचत महिन्याला ५८०, वर्षाला सुमारे ७,००० रुपये. आमच्याकडे आलेल्या कोटेशनांत १ किलोवॅटची किंमत ६५ ते ७५ हजार होती. फक्त केंद्राचे अनुदान मिळाले तर पदरचे ३५ ते ४५ हजार जातात आणि ते वसूल व्हायला पाच-सहा वर्षे लागतात. मात्र राज्याच्या योजनेत नाव बसले आणि पदरचे १०,००० रुपयेच लागले, तर दीड वर्षात पैसे फिटतात. म्हणजे या आपासाठी सारा प्रश्न राज्याच्या योजनेत नाव बसते की नाही, एवढाच आहे. नाव बसत नसेल तर तिने घाई करण्याचे कारण नाही.

दुसरे घर निवृत्त कारकुनाचे. मुलगा, सून, नातवंडे, कूलर, मोठा फ्रिज, बोअरची मोटर. महिन्याला सरासरी २५० युनिट, बिल सुमारे २,८३० रुपये. २ किलोवॅट बसवले तर सरासरी ३० युनिटचे बिल उरते, साधारण ३५५ रुपये. बचत महिन्याला २,४७० रुपये, वर्षाला साडेएकोणतीस हजारांवर. कोटेशन सव्वा ते एक लाख चाळीस हजारांचे. ६० हजार अनुदान वजा केले तर पदरचे ६५ ते ८० हजार. अडीच-तीन वर्षांत रक्कम निघते. या घराने पैशाअभावी १ किलोवॅटच बसवले तरी वर्षाला साडेसतरा हजार वाचतात, कारण सौर वीज आधी महागड्या टप्प्यातील युनिट कापते. म्हणून पहिला किलोवॅट सर्वांत फायद्याचा.

तिसरे घर तीन भावांचे, एका छताखालचे. मीटर एकच, महिन्याला ४०० युनिट, बिल ५,३०० रुपयांच्या वर. ३ किलोवॅट बसवले तर बिल ६३० रुपयांच्या आसपास येते आणि वर्षाला छप्पन्न हजार वाचतात. कोटेशन १ लाख ८० हजार ते २ लाख, अनुदान ७८ हजार. म्हणजे दोन वर्षांत वसुली. पण याच तीन भावांच्या चुली वेगळ्या असतील आणि तीन स्वतंत्र मीटर असतील, तर हिशेब पालटतो. प्रत्येकाला पहिली १०० युनिट स्वस्त दराने मिळतात, तिघांचे मिळून बिल ३,८०० रुपयांच्या आसपास असते. एका भावाच्या मीटरवर ३ किलोवॅट लावले तर त्याची वीज जास्त होऊन वाया जाते आणि बाकी दोघांचे बिल तसेच राहते. अशा घरात ज्याच्या त्याच्या मीटरप्रमाणे १-१ किलोवॅटचा विचार करावा.

हे सरळ आकडे आहेत. धूळ, ढग आणि महिन्यागणिक बदलणारा वापर लक्षात घेऊन वसुलीच्या मुदतीत आपल्या मनाने एक वर्ष वाढवून धरावे. पॅनेल पंचवीस वर्षे चालतात, पण इन्व्हर्टर तितका टिकत नाही. मध्ये एकदा तो बदलण्याचा खर्च येणार, हेही गृहीत धरावे.

आधी पंखे, मग पॅनेल

वीज तयार करण्यापेक्षा वाचवणे स्वस्त पडते. जुना पंखा ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. घरात पाच पंखे रोज बारा तास चालत असतील तर जुने पंखे महिन्याला १३५ युनिट खातात, नवे ५४. म्हणजे ८१ युनिटची बचत फक्त पंखे बदलून होते आणि त्यासाठी पंधरा हजारांच्या आसपास खर्च येतो. बऱ्याच घरांत एवढ्यानेच बिल वरच्या टप्प्यातून खाली उतरते आणि २ किलोवॅटऐवजी १ किलोवॅटवर भागते.

टाकी भरून वाहत असताना चालू राहिलेली मोटर, रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा, दार नीट न लागणारा जुना फ्रिज, हे सारे इसराफच आहे. छतावर पॅनेल आले म्हणून तो इसराफ राहत नाही असे नाही.

लाइट गेली तर?

सौर यंत्रणा बसवणाऱ्यांपैकी अनेकांची पहिली निराशा येथे होते. छतावर लखलखीत ऊन आहे, पॅनेल चकाकत आहेत आणि घरात पंखा बंद! लोकांना वाटते यंत्रणा बिघडली. ती बिघडलेली नसते. अनुदानावर बसणारी बहुतेक यंत्रणा 'ऑन ग्रिड' असते. महावितरणची वीज गेली की तिचा इन्व्हर्टरही आपोआप बंद पडतो. खांबावर दुरुस्तीला चढलेल्या लाइनमनला तुमच्या छतावरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून ही व्यवस्था सक्तीची आहे.

म्हणजे ही यंत्रणा बिल कमी करते, भारनियमनावरचा इलाज करत नाही. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी लाइट गेली तर तुमच्या छतावरचे पॅनेल काही कामाचे नाहीत. त्यासाठी बॅटरी लागते. बॅटरीसह येणारी 'हायब्रिड' यंत्रणा मिळते, पण ती बरीच महाग पडते आणि बॅटरीवर या योजनेचे अनुदान नाही. ज्यांच्या घरी आधीच साधा इन्व्हर्टर-बॅटरी आहे, त्यांनी तो विकू नये. चार दिवे आणि दोन पंखे त्यावर चालू राहतील, बिलाचे काम पॅनेल करतील. मध्यमवर्गीय घराला हीच जोडी परवडते.

पैसा कुठून आणायचा?

अनुदान आधी मिळत नाही. यंत्रणा बसून, नेट मीटर लागून, तपासणी झाल्यावर ते ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. तोवर पूर्ण रक्कम उभी करावी लागते. दुसऱ्या घराच्या उदाहरणात पदरचा खर्च ७० हजार असला तरी सुरुवातीला १ लाख ३० हजार हातात असावे लागतात.

बँका ३ किलोवॅटपर्यंत तारण न घेता कर्ज देतात. योजना जाहीर झाली तेव्हा त्याचा व्याजदर सात टक्क्यांच्या आसपास होता. ज्या घरांना व्याजाचा व्यवहार करायचा नाही, त्यांच्यासाठी प्रश्न अवघड होतो. त्यातून वाट काढण्यासाठी रकमेचे दोन भाग करून पाहावेत. पहिला भाग पदरचा, जो परत येणार नाही. तो बचतीतून, भिशीतून किंवा वर्षभर थांबून जमवावा. दुसरा भाग अनुदानाचा, जो सरकारकडून परत येणार आहे. तेवढ्यापुरते भावाकडून, मामूंकडून, मित्राकडून काही महिन्यांसाठी कर्ज-ए-हसना घेता येते. ६० हजार रुपये कधी आणि कोठून फेडणार हे मागणाऱ्यालाही सांगता येते आणि देणाऱ्यालाही कळते. संसार चालवण्यासाठी घेतलेल्या उसनवारीपेक्षा अशी उसनवारी फेडणे सोपे असते.

मात्र तारीख सांगताना हात राखून सांगावी. कागदपत्रांत काही त्रुटी निघाली तर अनुदान पुढे जाते. आणि रक्कम सख्ख्या भावाकडून घेतली तरी लिहून ठेवावी. सूरह बकरामध्ये कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याची स्पष्ट ताकीद आहे. आपल्याकडे "घरचाच माणूस आहे" म्हणून ती सर्वांत आधी मोडली जाते आणि नाती तेथेच तुटतात.

मुलीच्या शिक्षणाची फी, घरातील आजारपण किंवा हजसाठी बाजूला ठेवलेली रक्कम यात घालू नये, असे आमचे मत आहे. पॅनेल पुढच्या वर्षीही बसतील.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्यापूर्वीचे जुने कोटेशन कोणी पुढे केले तर नव्या दराने लिहून मागावे.

मीटर कोणाच्या नावावर आहे?

आमच्याकडे आलेल्या प्रकरणांत सर्वाधिक अडलेले काम पैशाचे नव्हते, नावाचे होते. अर्ज वीजग्राहकाच्या नावाने होतो आणि अनुदान त्याच्याच बँक खात्यात येते. आपल्या कितीतरी घरांत मीटर अजून दादांच्या नावावर आहे आणि दादांना जाऊन वीस वर्षे झाली. घर वारसांचे, नगर परिषदेची घरपट्टी एकाच्या नावे, बिल दुसऱ्याच्या नावे, राहतो तिसरा. खेड्यात नमुना नंबर ८ वर आणखी वेगळेच नाव.

अशा वेळी आधी मीटरवरील नाव बदलून घ्यावे लागते. मृत्यूचा दाखला, मालकीचा पुरावा आणि इतर वारसांची संमती हे कागद त्यासाठी लागतात. यातील शेवटचा कागद सर्वांत नाजूक. एका घरात धाकटा भाऊ थोरल्याला विचारत होता, "भाईजान, पॅनेल तुम्ही लावा, मला आनंदच आहे. पण उद्या वाटणी झाली आणि छत माझ्या वाट्याला आले तर?"

"तर काढून नेईन."

"आणि स्लॅबला पाडलेली भोके?"

दोघेही हसले, पण प्रश्न खरा होता. त्यांनी एका साध्या कागदावर लिहून घेतले की पॅनेल कोणाचे, वीज कोणाची, दुरुस्ती कोण करणार आणि वाटणी झाली तर काय. अम्मीसमोर दोघांनी सह्या केल्या. एवढ्या लहान कागदाने पुढचे मोठे भांडण टळते.

बहिणींबाबत विशेष सांगायचे आहे. नावबदलासाठी त्यांची सही हवी असते, तेव्हा "सही करून टाक, मीटरचे काम आहे" एवढेच सांगून कागद पुढे सरकवला जातो. मीटर नावावर झाल्याने घराची मालकी बदलत नाही, हे बहिणीला स्वच्छ सांगावे आणि कागदावरही फक्त मीटरचाच उल्लेख ठेवावा. त्या एका सहीच्या आड हक्कसोडपत्र लपवणे हा बहिणीवरचा जुलूम आहे. आणि ज्या घरात वडिलांच्या पश्चात वाटणीचा विषयच कधी निघालेला नाही, तेथे तो काढण्याची ही चांगली वेळ आहे.

छत, वारा आणि वानरे

१ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावलीविना जागा लागते. पाण्याची टाकी, शेजाऱ्याची वाढलेली भिंत, अंगणातले लिंबाचे झाड यांची सावली सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी कुठवर येते ते एक दिवस खडूने गच्चीवर आखून पाहावे. पॅनेलच्या एका कोपऱ्यावरची सावलीही पूर्ण ओळीची वीज खाली आणते.

गच्ची ही आपल्याकडे नुसती जागा नसते. तेथे मिरच्या, शेवया, पापड वाळतात, कपडे पडतात, उन्हाळ्यात घरातली माणसे झोपतात. म्हणून पॅनेल कुठे आणि किती उंचीवर बसवायचे, हे घरातील बायकांना विचारल्याशिवाय ठरवू नये. सात-आठ फूट उंचीचा सांगाडा केला तर खालची जागा वापरात राहते आणि सावलीही मिळते. त्याचा खर्च वाढतो, तो कोटेशनमध्ये आधीच लिहून घ्यावा.

मराठवाड्यातला वळीव पाहिलेल्यांना वाऱ्याचे सांगायला नको. सांगाडा गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचा असावा, पाये काँक्रीटचे असावेत, वीज पडण्यापासून संरक्षण आणि अर्थिंग स्वतंत्र असावे. जुने पत्र्याचे छत असेल तर ते वजन आणि वारा दोन्ही पेलेल का, हे जाणत्या मिस्त्रीला दाखवावे. दोन वर्षांत वर मजला चढवायचा विचार असेल तर आताच थांबणे बरे. गावाकडे वानरांचा उपद्रव आहे. ती पॅनेलवर उड्या मारतात आणि तारा ओढतात, म्हणून तारा पाइपातूनच न्याव्यात.

पॅनेल पंधरा दिवसांतून एकदा पहाटे, थंड असताना पुसावेत. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये. बोअरचे जड पाणी वापरले की पांढरे डाग धरतात, म्हणून शेवटचा हात साध्या मऊ फडक्याने कोरडा फिरवावा. छताच्या कडेला कठडा नसेल तर हे काम मुलांवर सोपवू नये.

सही करण्यापूर्वी

अर्ज 'पीएम सूर्यघर'च्या राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांकाने करायचा असतो. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक मंजुरीसाठी वेगळे थांबावे लागत नाही. काम मात्र पोर्टलवर नोंद असलेल्या एजन्सीकडूनच करून घ्यावे लागते, नाहीतर अनुदान नाही. एजन्सीने पाच वर्षे देखभाल करणे योजनेतच आहे, ती "जादा सेवा" म्हणून कोणी विकू नये.

किमान तीन कोटेशने घ्यावीत आणि ती शेजारी ठेवून वाचावीत. पॅनेलची कंपनी व वॅट, इन्व्हर्टरची कंपनी व हमीची वर्षे, सांगाड्याची उंची, अर्थिंग, नेट मीटरचे काम कोण करणार आणि एकूण रक्कम करासह, एवढ्या गोष्टी प्रत्येकात लिहिलेल्या असाव्यात. सर्व रक्कम आगाऊ देऊ नये. एक हिस्सा नेट मीटर लागेपर्यंत हातात ठेवावा आणि पैसे बँकेतून द्यावेत. मोबाइलवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नये, एजंट कितीही ओळखीचा असला तरी.

शेवटी एक लहान काम सुचवतो. गेल्या बारा महिन्यांची बिले काढा. युनिटच्या आकड्यांची बेरीज करा आणि बाराने भागा. उत्तर ९० च्या आत आले तर राज्याच्या योजनेची चौकशी करा. २०० ते ३०० च्या दरम्यान आले तर २ किलोवॅटचे कोटेशन मागवा. त्याहून जास्त आले तर ३ किलोवॅट पाहा. मधल्या आकड्यांना आधी पंखे बदलून पुन्हा बेरीज करा. हे काम घरातील सातवी-आठवीच्या मुलाला किंवा मुलीला द्या. वीस मिनिटांत होईल, आणि पुढच्या वेळी एजंट दारात आला की त्याच्याशी काय बोलायचे ते तुमच्याजवळ लिहिलेले असेल, इन्शाअल्लाह.